चौफुलीखालची मोरी

वणी,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. राजदीप,
सप्रेम जय भीम.

सकाळपासून कानात तुझा आवाज आहे. आत्ताचा नव्हे, दुसरीतला. बायपासच्या भरावाखालची ती माणूसभर उंचीची मोरी आली की तू माझा हात सोडून आत पळायचास आणि मी रचलेली कविता ओरडायचास:

अलीकडे घर माझं, पलीकडे शाळा,
डोक्यावर गडगडतो ट्रक काळा काळा.

वरून कोळशाचे ट्रक जायचे आणि खाली मोरी तुझ्यामागून 'काळा, काळा' म्हणत राहायची. तुला वाटायचं, आत दुसरा मुलगा आहे. एकदा त्याच्यासाठी बोरं ठेवून आलास.

बाकी ठीक. गुडघा कुरकुरतो. शेजारच्या कांताबाईंनी तुरीच्या शेंगांचे शेवटचे सोले दिले. तुझी आठवण काढतात, हल्ली जरा वेगळ्या शब्दांत.

गुरुवारची जनसुनावणी तुला माहीतच आहे. जुनी चौफुली पाडून नवा उड्डाणपूल बांधायचा. मंगल कार्यालयातल्या पडद्यावर पूल फार देखणा दिसत होता, झाडंसुद्धा लावलेली. मोरी मात्र नव्हती. तिच्या जागी सलग भिंत.

कांताबाई उठल्या. "साहेब, आमच्या वस्तीतल्या पोरायनं शाळेत जायचं कुठून?"

"मावशी, दोन किलोमीटरवर यू-टर्न दिलाय."

"मी का ट्रक आहो, यू-टर्न घ्यायले?"

लोक हसले. साहेबही हसले आणि म्हणाले, निधी मार्चच्या आत वापरला नाही तर परत जातो, आता आराखडा बदलायला वेळ नाही. म्हणजे लोकांना विचारायला वेळ आहे, त्यांचं ऐकायला नाही. मग बोलावलं कशाला? चहा पाजायला?

माईक माझ्याकडे आला. मुद्दे कागदावर लिहून, घोकून आणले होते. पण जन्मभर धड्याआधी कविता म्हणायची खोड. त्याच दोन ओळी म्हटल्या. वाटलं, तिथल्या एका माणसाला तरी त्या कळतील. टाळ्या पडल्या, थांबेचनात, आणि त्या टाळ्यांतच माईक पुढे गेला. मुद्दे खिशात राहिले.

काल चौकातल्या फलकावरचा अहवाल वाचून वस्तीतला डोमाजी आला. "गुरुजी, तुमीच तं पूल पास करून टाकला." त्यात म्हणे लिहिलंय, ज्येष्ठ शिक्षकांनी स्वरचित काव्यातून प्रकल्पाचे स्वागत केले, उपस्थितांनी टाळ्यांच्या गजरात अनुमोदन दिले.

स्वागत? त्या दोन ओळी कुठल्या मोरीतल्या आहेत, हे ठाऊक असलेला त्या सभागृहात माझ्याखेरीज एकच माणूस होता. पडद्याशेजारी लॅपटॉप घेऊन बसलेला, आराखडा करणाऱ्या कंपनीचा इंजिनियर. भिंत त्यानंच आखली आणि अहवालही तोच टाइप करत होता.

इतका वेळ टाळलं, आता लिहितो. माईक हातात देताना तू मला म्हणालास, "नाव सांगा."

मी सांगितलं. धर्मपाल मानवटकर. तू मान वर न करता ते टाइप केलंस, परक्याचं करावं तसं. साहेबांसमोर बापाची लाज वाटली, की वस्तीची? नोकरी सांभाळ, मी आड येत नाही. पण माझ्या ओळींवर तुझी भिंत उभी करू नकोस. माझा विरोध होता, असं त्या अहवालात लिही. आणि मोरी आराखड्यात परत घाल. निधी परत जाईल म्हणतात, तर जाऊ दे. पोरं त्या भिंतीवरून चढून हायवे ओलांडू लागली, तर ती परत येतीलच असं कोण सांगेल?

दार वाजतंय. कांताबाई असतील. "कोण?" म्हणून इथूनच विचारलं.

बाहेरून उत्तर आलं, "राजदीप धर्मपाल मानवटकर."

खिडकीतून दिसतोस. गाडी बायपासच्या पलीकडेच ठेवलीस वाटतं, बुटांना मोरीतला चिखल आहे. लॅपटॉपही काखेत आहे. थांब तसाच. आधी सही करतो, मग कडी काढतो. हे इथं दारात वाचायचं, मग आत यायचं.

ज्याला नाव विचारायची गरज नव्हती तो,
तुझा बाप