चाफ्याची फांदी, कोव्हायची फांदी

दादा,

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहितेय, सवय तुमचीच. इथे परदेशात, जॉन्सनव्हिलला, आमच्या घराखालच्या उतारावर एक पार्क आहे. गणपतीच्या दिवसांत तिथली कोव्हायची झाडं पिवळ्या फुलांनी लगडतात. यंदा वाटलं, देवाला विकतची फुलं कशाला? सकाळीच पिशवी घेऊन लेकीबरोबर गेले. आपल्याकडे देवासाठी कुणाच्याही कुंपणावरची फुलं घेतातच की! वरची डहाळी ओढली आणि मनगटाएवढी फांदी कडकन मोडली.

"मम, चल ना! नोबडी सॉ," लेक कुजबुजली. आणि मला लहानपणीचं आपलं अंगण दिसलं. तुम्ही मोडक्या चाफ्यापाशी उकिडवे बसला आहात, शेणमातीचा लेप लावून धोतराची चिंधी बांधताय. "शेजारच्या काकूंच्या शेळीचंच काम हे!" म्हणताय. मी दाराआड गप्प उभी आहे. महिनाभर तुम्ही काकूंशी बोलला नाहीत.

लेक हात ओढत होती. ती माझ्याकडूनच शिकणार ना, पळायचं की थांबायचं? पार्कात झाडं लावणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई खाली तण काढत होत्या. मी फांदी घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. "आय ब्रोक. सॉरी. फॉर गॉड." माझं इंग्रजी तिथेच संपलं. पुढचं लेकीनं सांगितलं, मान खाली घालून.

बाई हसल्या. म्हणाल्या, "मग देवानं आधी तुईला विचारायचं होतं." तुई म्हणजे इथला पक्षी, या फुलांतल्या मधावर जगणारा. मग त्यांनी करवतीनं मोडका भाग नीट कापला, अगदी तुमच्यासारखं पुटपुटत. पूर्वी पावसात हा उतार मातीसकट ओढ्यात जायचा, आता मुळांनी धरलाय, पाणी जिरतं, वाराही अडतो, सगळं दाखवलं. निघताना माझ्या पायांतल्या स्लिपरांकडे बघत म्हणाल्या, "शनिवारी ये. जँडल्स नकोत, बूट घाल."

तेव्हापासून दर शनिवारी जाते. लेकही येते, न सांगता. रोप लावताना मुळांभोवतीची माती बोटांनी दाबायची, पायानं नाही, हे तिथे कुणाला मला शिकवावं लागलं नाही. तुमचे उपकार. देवाला आता खाली पडलेली फुलं वाहते. तो काही रुसलेला दिसत नाही.

हा कागद पोथीत ठेवीन, पाठवायचा तरी कुठे? तुमच्यामागे काकूही गेल्या. पण दादा, शेळी त्या दिवशी दाव्यालाच होती. देवाच्या फुलांसाठी चाफ्यावर मी चढले होते.