उंची मध्यम

तीर्थरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (माझ्या बाबतीत तो जमिनीपर्यंत पोचायला अंमळ वेळ लागतो, हे तुला ठाऊक आहेच.) तुझी तब्येत बरी असेल. इथे आईची सोडून सगळ्यांची बरी आहे. कारण सांगते.

तू पाठवलेलं स्थळ रविवारी येऊन गेलं. गृहस्थ हिशेबनीस, बोलायला मऊ. त्यांना तू माझी उंची 'मध्यम' कळवली होतीस आणि मला बजावलं होतंस, की ते जाईपर्यंत खुर्ची सोडायची नाही. मी सोडली नाही. चहा आईने आणला, कपबश्या बाबांनी उचलल्या आणि दार वाजलं तेव्हा उघडायला पाहुणेच उठले. मुलगी भलतीच आळशी दिसते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होतं. तेवढ्यात त्यांच्या डोक्यावरचा दिवा उघडझाप करायला लागला. आता मी पडले दिव्यांच्या दुकानात नोकरीला (मी लागल्यावर मालकांनी शिडी विकून टाकली), हात कसे आवरणार? उठले, उभ्या उभ्या बल्ब काढला, दुसरा लावला. पाहुण्यांनी मला खालून वर सावकाश पाहिलं आणि विचारलं, "या मध्यम?" आई गडबडून म्हणाली, "सकाळपर्यंत होती हो!"

मग त्यांना एक तातडीचं काम आठवलं. आई रडली. मीही रडू यायची वाट पाहिली, पण ते काही आलं नाही. लोक 'शिडी' म्हणतात म्हणून शाळेपासून मी पोक काढून चालतेय. हात वर असले की पोक काढता येत नाही. त्या मिनिटभरात मला आमची खोली वरून दिसली, कपाटावरच्या धुळीसकट, आणि खरं सांगते आत्या, फार बरं वाटलं. तेव्हापासून दुकानात ताठ उभी राहते. काल एक गिऱ्हाईक म्हणालं, "बाप रे, केवढी ही!" मी म्हटलं, "एवढीच. आता वाढणार नाही." त्यांनी मुकाट्याने दोन झुंबरं घेतली.

काकांना नमस्कार. माझ्यासाठी जीव जाळू नकोस.

तुझी भाची

ता. क. पुढच्या स्थळाला खरी उंची कळव. बोटभरही कमी नको.

आणखी ता. क. बाबा काल बोलून गेले, की लग्नाआधी तू माझ्याहून दोन बोटं उंच होतीस. मला पटेना, कारण मी तुला कधी ताठ उभी पाहिलेलंच नाही. सुट्टीत आठ दिवस ये. सगळ्यांच्या देखत पाठीला पाठ लावून उभ्या राहू. मी हरले तर मला आनंदच आहे. फक्त तू वाकायचं नाहीस.