टेबलावरचा पेशंट

१३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून सिगारेट बंद. अँब्युलन्सवर आयुष्य काढलेल्या माणसाला हृदयाविषयी कुणी शिकवायला नको. मला दारातूनच कळतं: राखाडी चेहरा, कपाळावर गार घाम, छातीवर मूठ. ईसीजी नंतर, माझं निदान आधी.
दुपारी एक ओढली. पण पाकीट कालचं होतं, त्यामुळे ती कालच्यातच धरली.

१४ फेब्रुवारी
तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा अटॅक आलेला असताना चालत उतरायला निघाले होते. खडसावलं. एक पाऊल टाकलं तरी हृदयावर ताण पडतो! खुर्चीत बांधून खाली आणलं. आजोबा वजनदार. मला धाप लागली, डावा खांदा दुखतोय.
माझी जोडीदार ग्राझिना म्हणाली, लेशेक, आरशात बघ जरा. म्हटलं, हिवाळ्यात सगळे असेच दिसतात.

१६ फेब्रुवारी, गुरुवार
ईस्टरच्या उपवासांआधीचा खादाडीचा गुरुवार. एकच पाँचकी, आपला गोल डोनट, खायचं ठरवलं होतं. पण जॅम भरून, तुपकट तळून समोर ठेवलेल्या गोष्टीला नाही म्हणणं बरं दिसत नाही.
संध्याकाळी छातीत जळजळ, पार जबड्यापर्यंत. पित्त. बायको, योलांता, म्हणाली, डॉक्टरकडे जा. मी विचारलं, या घरात हार्टचं कुणाला कळतं? तर म्हणते, तीच तर भीती आहे.

१८ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ
आज खेड्यातल्या महिला मंडळात अटॅक कसा ओळखायचा याचं प्रात्यक्षिक. भाषण तयार. पित्त आहेच. शर्ट इस्त्रीचा.

२० फेब्रुवारी, हॉस्पिटल
आता लिहू देतायत.
शनिवारी ईसीजीसाठी छाती उघडी करायला एकही बाई तयार होईना. मग मीच टेबलावर आडवा झालो. ग्राझिनाने तारा लावल्या. कागद बाहेर आला तसा तिने तो दोनदा निरखला. मला वाटलं, माझा कागद बाजूला ठेवून तिने शिकवण्यासाठी कुणाचा तरी जुना नमुना काढलाय. मी तो तिच्या हातातून ओढला आणि पडल्या पडल्या समजावून सांगितलं: बघा, ही रेघ इथे वर उचललीय, म्हणजे ताजा अटॅक. क्षणभरही थांबायचं नाही.
मंडळाच्या अध्यक्षा गेनोवेफाबाईंनी विचारलं, "मग भाऊ, हा पेशंट आहे कुठे?"
ग्राझिना म्हणाली, "टेबलावर."
मी म्हटलं, तारा चुकल्या. तिने पुन्हा लावल्या. रेघ तशीच. तिने अ‍ॅस्पिरिन दिली. मी पाणी मागितलं. "चाव, मूर्खा!" फार कडू असते. पेशंटना मी उगाच सांगत आलो की काही नाही त्यात.
गाडीपर्यंत चालत येतो म्हटलं. बायकांनी मला खुर्चीत दाबून बसवलं आणि खुर्ची उचलली. ग्राझिनाने हॉस्पिटलला फोन करून तयारीत राहायला सांगितलं.
वाटेत तिने माझं मनगट सोडलं नाही. एकही टोमणा मारला नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो. योलांताला सांग, म्हणालो, आणि काय सांगायचं तेच सुचेना.
स्टेंट बसला. योलांता आली, खूप रडली, मग खूप बोलली.

२२ फेब्रुवारी
डॉक्टर आज विद्यार्थ्यांना घेऊन माझ्या खाटेशी आले. विचारलं, या पेशंटने कुठली कुठली लक्षणं अंगावर काढली? पोरं भराभर सांगत सुटली. एक राहिलं होतं, म्हणून मी हात वर केला.
डॉक्टर म्हणाले, पेशंटने हात खाली ठेवावा, तारा निघतात.