सदाशिवरावाचा करदोडा आन् सिंगापूरचं कार्ड

सिंगापूर,
१४ नोव्हेंबर २००६

ती. बंडूमामाले गजेंद्रचं पाया पडणं. मामीचा गुडघा आता वाकते का? धाम नदीले पाणी किती आहे? पवनारच्या वांग्याले भाव भेटून राह्यला नं? मी खुशाल आहे असं लिवा लागते म्हणून लिवून राह्यलो. तीन दिवस झाले, घास (इथं भाताचाच असते म्हणा) गळ्याखाली उतरला नाई.

तुम्ही माह्यासाठी सेलूच्या सदाशिवरावाची उज्वला पाह्यली, आन् ते व्यापाऱ्याइच्या टूरमध्ये चार दिवस इकडं येतात तं पोराले पाहूनही घेतीन, असं फोनवर सांगतलं. मी मुकादमाच्या हातापाया पडून सुटी काढली. त्याइले एक कार्ड घेऊन देल्लं. हे कार्ड बसच्या, रेल्वेच्या मशीनवर टेकवलं का तिकीट कटते, आन् कित्येक दुकानात सामानही याच्यावरच भेटते. सदाशिवराव म्हणे, "आन् खिसा मारला तं?" त्याईनं कार्ड कापडाच्या कशात, म्हंजे बारक्या थैलीत, टाकलं आन् तो कसा बांधला कमरेच्या करदोड्याले, दुकानाच्या तिजोरीच्या किल्लीजवळ. मंग काय, दर फाटकावर सदरा वर आन् पोट मशीनले! मशीन टुं म्हणे, फाटक उघडे. "पाह्यलं जवाईबापू, कशी वाट देते!" (जवाईबापू म्हटलं, मामा! म्हणून मी लाज गिळली. मागची लाईन पाहत होती, मी छताकडं पाहत होतो.)

उज्वलासाठी थर्मास घेतला तवा सदाशिवरावाईनं वीस मिनिटं मराठीत घासाघीस केली. दुकानातली पोरगी नुसती हासे. भाव उतरला समजून त्याईनं काउंटरवर पोट ठेवलं. टुं. भाव जसाच्या तसा. "सेलूत मी असं मशीन ठेवलं तं गिऱ्हाईक गोटे मारन," म्हणे.

शेवटच्या दिवशी तो कापडी कसा उसवला. मले न सांगता त्याईनं पिशवी शिवाच्या दाभणानं कार्डाले भोक पाडलं आन् किल्लीसारखं करदोड्यात ओवलं. आतली तार तुटली. मी फाटकाच्या आत, ते भाईर. नऊ डाव पोट लावलं, मशीन मुकं. एअरपोर्टवर टूरवाल्याइले गाठाले अर्धा घंटा उरला. स्टेशनवरचा माणूस कार्ड मांगे, गाठ सुटेना, त्यानं कैची आणली. सदाशिवराव वरडले, "खबरदार! माहा बाप जिवंत आहे!" करदोडा बाप मेल्यावरच तोडतात, हे त्या बिचाऱ्याले काय माहीत? मले माहीत होतं. तरी घाईत माहाच हात फाटकावरून भाईर गेला, कैची घेतली आन् कच्चकन कापला.

एअरपोर्टपर्यंत कमरेले हात लावून बसले. उतरताना येवढंच म्हणाले, "आबा नव्वदाचे आहेत." जवाईबापू नाई म्हटलं.

मामीले नमस्कार, लेकराइले गोड पापा.

तुमचा झोप उडालेला भाचा,
गजेंद्र

ता.क. पत्र भेटलं का पह्यले सेलूची बस पकडजा. नवा काळा करदोडा घेऊन जाजा आन् त्याइचे वडील तानबाआबा हिंडतेफिरते आहेत का ते डोळ्यानं पाहजा. साधा खोकला असन तरी वर्ध्याच्या मोठ्या डॉक्टरले दाखवजा. मी फागुनात येतो. तवरोक आबाइले थंड पाण्यानं आंघोळ करू देऊ नका, पाया पडतो.

आणखी ता.क. कापलेला करदोडा माह्याच मुठीत राह्यला, आन् त्याच्यात तिजोरीची किल्ली आहे. त्याइले कुलूपवाला बोलावू देऊ नका. सांगजा, जवाई स्वतः घेऊन येऊन राह्यला. किल्ली पोष्टानंही येते, हे तुम्ही कायले सांगता?