मसाल्याच्या पाकिटावरची आई

घणसोली, १२ मार्च १९८४

अक्का, तुला नि दाजींना जय भीम.

मी मजेत आहे. आईच्या हातचा काळा मसाला आता वाशीपर्यंत खपतो.

पाकिटावर छापायला मी आईचा फोटो दिला होता. चित्रकारानं पुढं गोरी, नथवाली मालकीण काढली. मागं मसाला कांडणारी मोलकरीण, काळीकुट्ट, जाड ओठांची, बटबटीत डोळ्यांची. हनुवटीवरचं गोंदण मात्र आईचंच.

"किसनशेठ, काळी बघून गिऱ्हाईक हसतं आणि गोरी बघून घेतं," छापखानेवाला म्हणाला. त्याची माणसं हसली. त्यांच्याबरोबर मीही हसलो आणि छापा म्हणालो.

आई तिकडं गल्लीभर सांगत असेल ना, ‘मी पाकिटावर येणार’ म्हणून? तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली का? इतक्यात मिळू नये, असं माझ्या मनात आलं, अक्का. पोटच्या पोराच्या मनात आलं.

तुझा धाकटा,
किसन