धुलाईघरातली इंग्रजी

प्रिय चिंगे,

तुझा फोन ठेवल्यावर दोन दिवस मी नुसती धुसफुसत होते. आता राग उतरलाय, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

दहावीचा इंग्रजीचा पेपर सोमवारी आहे. तिसरी खेप. शब्दांच्या जाती ओळखायचा प्रश्न मी दोन्ही वेळा पार मातीत घातला, हे तुला ठाऊकच आहे. हा एवढा विषय सुटला की हॉस्पिटलच्या धुलाईघरात मुकादमाच्या जागेसाठी माझा अर्ज घेणार आहेत. बावीस वर्षं मी तिथे कपडे निवडतेय आणि काल आलेले लोक मला हुकूम सोडतात. मला ती जागा हवीय.

माझं घोडं कुठे अडलं होतं ते ऐक. आमच्याकडे चादरी एका ढिगात, अभ्रे दुसऱ्या, डॉक्टरांचे कोट तिसऱ्या. शब्दांचंही मी तेच केलं. वहीत रकाने आखले आणि एकेक शब्द कायमचा टाकून मोकळी झाले. वॉटर म्हणजे पाणी, म्हणजे नाम, विषय संपला. पेपरात आलं, ‘दे वॉटर द गार्डन’, म्हणजे ते बागेला पाणी घालतात. मी बिनधास्त नाम लिहिलं. शिकवणीच्या बाई तुझ्याहूनही लहान आहेत. कपाळाला हात लावून म्हणाल्या, “मावशी, तो शब्द इथे काय काम करतोय ते बघा.” काही केल्या डोक्यात शिरेना. मग परवा एक फाटकी चादर मी फरशीच्या फडक्यांत टाकली आणि हातच थांबला. कालपर्यंत ती चादर होती, आज तिला काम दुसरं, म्हणून ढीग दुसरा. अगं, हे तर मी रोजच करतेय! तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत वाक्यं निवडत बसते. काल वीसपैकी सतरा बरोबर आली. चुकली ती तिन्ही क्रियाविशेषणं, सोमवारपर्यंत त्यांनाही सरळ करते.

तुझ्याकडे यायला तू पाठवलेलं तिकीट सोमवारचंच आहे. पेपरची तारीख तुला तोंडपाठ होती, तरीही. आधी वाटलं, बाळाला सांभाळायला हवी असेन. मग जावईबापूंनी भाबडेपणाने सांगून टाकलं, की आई पुन्हा नापास झालेली तुला बघवणार नाही. मागच्या वेळी न्हाणीघरात नळ सोडून मी रडले, ते तू ऐकलंस ना? मला फार लाजल्यासारखं झालं. पण चिंगे, रडायची वेळ आली तर पुन्हा रडेन, पेपर देऊन रडेन. सोमवारचं तिकीट रद्द केलंय. बाळाला बघायला बुधवारी येते.

तुझीच,
हट्टी आई