आत्याचं ‘कळ्ळं’

पुणे
९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सुमित्राआत्यांस,
प्रार्थनाचा सा. न. वि. वि.

काल फोनवर मी अर्धा तास घसा कोरडा केला आणि तुम्ही प्रत्येक वाक्याला ‘कळ्ळं, कळ्ळं’ म्हणालात. शेवटी विचारलंत काय, तर मुलगा कुठला! आत्या, मी बदलीचं सांगत होते, लग्नाचं नव्हे. कानातलं यंत्र डबीत ठेवून रोज त्याला हळदकुंकू वाहता का? तुम्हाला काही सांगायचं तर कागदच बरा.

तर बातमी अशी, की जूनपासून मला कंपनी म्हैसूरजवळच्या बेळगोळच्या कारखान्यात पाठवते आहे. सात वर्षांनी आम्ही मायलेकी म्हैसूरला परत येणार! आता भाड्याचं घर नको, स्वतःचं घ्यायचं असं ठरवलं आहे. दोन जागा मनात आहेत. एक केआरएस रस्त्यावरच्या अठरा मजली संकुलात. उंच कुंपण, पहारेकरी, जागोजागी कॅमेरे. किंमत ब्याण्णव लाख. दुसरी हिनकलच्या जुन्या गल्लीत, तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. खोल्या मोठ्या आणि किंमत पंचावन्न लाख, पण फाटक नाही, पहारा नाही. फोटोत विजेचा एक वाकडा खांब आणि त्याखाली झोपलेलं कुत्रं एवढंच दिसतं.

कर्ज मी फेडीन. माझी काळजी वेगळी आहे. दोन वर्षांपूर्वी आई सकाळी दूध आणायला गेली आणि मोटरसायकलवरच्या दोघांनी बाबांनी दिलेली साखळी तिच्या गळ्यातून ओढून नेली. तेव्हापासून तिने एकटीने उंबरा ओलांडलेला नाही. जिना उतरायचा तर माझा हात धरून, आणि मी कामावर गेले की दाराला आतून तीन कड्या. हीच बाई एके काळी देवराज मार्केटात भाजीवाल्यांना घाम फोडत होती. तिला पुन्हा एकटीने बाहेर जाताना पाहायचं आहे, एवढ्यासाठी हे सगळं. तुम्ही दोन्ही जागा पाहून याल का?

कळावे (ते चोख ‘कळावे’, तुमच्यासारखं नव्हे). माया आहे तशीच घट्ट राहू द्यावी.

तुमची,
प्रार्थना


॥ श्री विठ्ठल ॥

देवराज मोहल्ला, म्हैसूर
१८ फेब्रुवारी २०२५

चि. प्रार्थनास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. पुण्याचं पाणी लागलेलं दिसतंय. आम्ही म्हैसूरवाले ‘कळ्ळं’ म्हणतो, तुम्ही पुणेकर ‘कळलं’ म्हणता. आमचं खोटं आणि तुमचं खरं काय? यंत्र कानात घातलं की पोटमाळ्यावरच्या उंदराचा श्वाससुद्धा ऐकू येतो आणि माणसाचं बोलणं तेवढं येत नाही. ते डबीतच बरं.

तुम्ही दोघी परत येणार हे वाचून मी शिवणयंत्रावरून उठले आणि पहिल्यांदा गूळ-खोबरं वाटलं. दुकानात त्या वेळी एकच गिऱ्हाईक होतं, त्याला दोनदा दिलं.

काल ते केआरएस रस्त्यावरचं संकुल पाहून आले. फाटकाशी माझा फोटो काढला, नाव लिहून घेतलं, पिशवीत हात घालून टेप बाहेर काढली आणि ही कशाला म्हणून विचारलं. मी म्हटलं, चाळीस वर्षं ब्लाउज शिवतेय, टेपेशिवाय मी देवळातसुद्धा जात नाही. फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे. चकचकीत आहे, नाकारत नाही. पण स्वयंपाकघर मोजलं तर आठ बाय सात! भाव ब्रोकेडचा आणि कापड झबल्यापुरतं. शेजारी कोण राहतं विचारलं, तर दाखवणारा मुलगा म्हणाला की प्रायव्हसी असते, इथे कोणाला कोणाचा त्रास नाही.

तुझी काळजी मला समजते, हसण्यावारी नेत नाहीये. तुळसी त्या कुंपणाच्या आत सुखरूप राहील, हे मान्य. पण दार उघडून ती जाईल कोणाकडे? पुण्याच्या तीन कड्यांच्या जागी तीस कड्या होतील, एवढंच मला दिसतं. हिनकलला अजून गेले नाही. गुडघा सुम्मने, काही कारण नसताना, रुसलाय.

तुळसीला सांग, तिच्या हातच्या बिसीबेळेभाताची मी सात वर्षं वाट पाहतेय. कळावे. नात्याची शिवण उसवू देऊ नये.

तुझी आत्या,
सुमित्रा


पुणे
२६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आत्यांस,
सा. न. वि. वि.

आज शिवरात्रीचा उपास, त्यात तुमचं पत्र आलं, म्हणून जरा तिखट लिहिते आहे. राग मानू नका.

तुम्ही म्हणता ते पटतं, पण अंगावर घ्यायचं धाडस होत नाही. परवा घंटी वाजली. कुरियरवाला होता. आईने दार उघडलं नाही, आणि मी घरी येईपर्यंत ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून होती. अशा बाईला बिनफाटकाच्या गल्लीत कशी ठेवू? माझी दुसरी पाळी संपायला रात्रीचे साडेनऊ होतात. तोवर तिच्याजवळ कोण? सदतीस लाख जास्त गेले तरी चालतील, पण पुन्हा काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही. त्यामुळे त्या संकुलाचंच नक्की करते आहे. १५ मार्चपर्यंत बयाणा द्यायचा आहे.

तरी तुमचा शब्द खाली पडू नये म्हणून एक करा. हिनकलला एकदा संध्याकाळी जा, दुपारी नको. दिवे किती लागतात, दारं किती उघडी असतात, मोकाट माणसं किती फिरतात, ते वहीत लिहून कळवा. मोजमाप तुमच्याइतकं चोख कोण करणार!

गुडघ्याला तेल लावत जा. कळावे. रागावला असाल तर रागासकट लोभ असू द्यावा.

तुमची,
प्रार्थना


॥ श्री विठ्ठल ॥

देवराज मोहल्ला, म्हैसूर
७ मार्च २०२५

चि. प्रार्थनास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मंगळवारी संध्याकाळी तुझा फोन मध्येच का तुटला आणि नंतर अनोळखी नंबरावरून ‘आत्या सुखरूप, कॉफी पिताहेत’ असा मेसेज का आला, ते आता शांतपणे वाच. आधी बसून घे.

मी हिनकलच्या त्या वाकड्या खांबाखाली वही उघडून उभी होते. दिवे सात, त्यातला खांबावरचा बंद. उघडी दारं अकरा. कुत्री दोन, त्यातलं एक म्हातारं. एवढं लिहिलं आणि तू फोन केलास. तुझं एक अक्षर ऐकू येईना. बाजूने बस गेलेली. मी नेहमीसारखं मोठ्याने म्हटलं, कळ्ळं. तू पुन्हा काही बोललीस. मी आणखी मोठ्याने म्हटलं, कळ्ळं गं, कळ्ळं, कळ्ळं!

आता तूच सांग, कन्नड कानाला ते काय ऐकू जाणार? कळ्ळ! चोर, चोर!

अय्यो, प्रार्थना, मी डोळे मिटून उघडेपर्यंत अकराच्या अकरा दारांतून माणसं रस्त्यावर. समोरची जानकम्मा तव्यावरचा दोसा तसाच टाकून उलथनं घेऊन आली. तुझ्या होऊ घातलेल्या घराखाली नरसिंहमूर्ती नावाचे निवृत्त बस कंडक्टर राहतात, त्यांनी गॅलरीतून अशी शिट्टी फुंकली की मला ऐकू आली, यावरून काय ते समज. दोघांनी गल्लीची दोन्ही तोंडं अडवली. कोणाच्या हातात झाडू, कोणाच्या हातात क्रिकेटची बॅट. सगळे मला मध्ये घेऊन विचारत होते, चोर कुठे गेला? मला वाटलं, इथे कशाला आलात असं विचारताहेत. म्हणून खरं ते सांगितलं, की घरं बघायला आलेय.

झालं! चोर तरी दुसरं काय करायला येतो? एका बाईने वही घेतली. मराठी वाचता येईना, पण आकडे कळले. अकरा, सात, दोन. मग पिशवीतून टेप निघाली. सगळ्यांची तोंडं अशी झाली, की मलाच माझा संशय यायला लागला.

मग मी घाईघाईने सगळं सांगितलं. आमच्या मराठीत कळ्ळं म्हणजे समजलं. मी देवराज मोहल्ल्यातली शिंपीण. भाची घर घेणार आहे, तिची आई एकटी असते, घाबरते. हे ऐकून जानकम्मा जी हसायला लागली ती भिंतीला टेकूनच हसली. तिच्या सुनेने तुला मेसेज केला. मला खुर्ची आली, कॉफी आली, करपलेला दोसा त्यांनी खाल्ला आणि मला नवा घातला. जानकम्माच्या ब्लाउजची बाही काखेत ओढत होती, ती मी तिथेच टाचून दिली. निघताना तिने मला सांगितलं, की तुमच्या वहिनीला आणा, तिला घाबरायला इथे सवडच मिळणार नाही. बसपर्यंत चौघी पोचवायला आल्या.

तुझ्या आत्याला एवढ्यावर गप्प बसवेल का? दुसऱ्या दिवशी मी केआरएस रस्त्यावर गेले. फोटो काढून घेतला, नवव्या मजल्यावर चढले, आणि तिथे मधोमध उभी राहून मुद्दाम, शुद्ध कन्नडात, तीन वेळा ओरडले, कळ्ळ! कळ्ळ! कळ्ळ! एक दार साखळीपुरतं उघडलं आणि लागलं. पाच मिनिटांनी पहारेकरी वही घेऊन आला. बिचारा भला माणूस. त्याने सांगितलं, की तक्रार असेल तर फ्लॅट नंबर घालून लिहून द्या, आणि इथे मोठ्याने बोलू नका. कॅमेऱ्यात मात्र मी छान आले असेन, मोरपंखी साडी होती.

हिनकलचे दोष लपवत नाही. जिन्याचा कठडा डगमगता आहे, गटाराला वास येतो, खांबावरचा दिवा बंद आहे. नरसिंहमूर्ती म्हणाले, की माणूस राहायला येणार असेल तर दिवा मी लावून घेतो. बयाणा कुठे द्यायचा ते तू ठरव. मला विचारशील, तर जिथे चोर म्हटल्यावर अकरा दारं उघडतात तिथे दे.

कळावे. (हे पत्र मोठ्याने वाचू नकोस, तिथेही कोणी कन्नड शेजारी असायचा.) आहे तो जिव्हाळा दोन बोटं वाढवूनच शिवावा.

तुझी आत्या,
सुमित्रा


हिनकल, म्हैसूर
१७ ऑगस्ट २०२५

ती. स्व. आत्यांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या घरापासून एका बसवर राहते आणि तरी पत्र लिहिते आहे, कारण गुरुवारी जे झालं ते फोनवर सांगितलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं.

तुम्हाला माहीत आहे, जूनमध्ये इथे आलो तेव्हापासून मी आतल्या आत खचत होते. गल्लीने कौतुकात काही कमी केलं नाही. आमच्या घराला ‘कळ्ळ मने’, चोराचं घर, असं नाव पाडलं आणि रोज कोणी ना कोणी जिना चढून यायचं. खांबावरचा दिवा लागला, कठडा मी घट्ट करून घेतला. तीन कड्यांची एक झाली. पण आई खाली उतरेना. जानकम्मा खालून आणि आई गॅलरीतून, अशा त्यांच्या तासन्‌तास गप्पा. पाय मात्र उंबऱ्याच्या आतच. मला वाटायला लागलं होतं, की आपण स्वस्तात घर घेतलं आणि आईला फसवलं.

गुरुवारी मी सकाळच्या पाळीहून येऊन खांबाशी स्कूटर लावत होते. तुम्ही फोन केलात, गौरीच्या खणाचं माप विचारायला. मी हो म्हटलं, कळलं म्हटलं, समजलं म्हटलं. तुम्ही आपलं, ऐकू येत नाही, ऐकू येत नाही. शेवटी वैतागून मी तुमच्याच भाषेत ओरडले, कळ्ळं आत्या, कळ्ळं!

आई वर पोळ्या लाटत होती. घरात जन्मभर मराठी बोललेली बाई, तिला तरी ‘कळ्ळं’ कळायला हवं होतं. पण म्हैसुरात जन्मलेल्या माणसाचे कान घाबरल्यावर कन्नड होतात. तिला माझा आवाज ऐकू आला आणि चोर ऐकू आला, एवढंच. दोन मजले, अनवाणी, कोपरापर्यंत पीठ, हातात लाटणं. नरसिंहमूर्तींची शिट्टी वाजायच्या आधी, जानकम्माच्याही आधी आई माझ्यापुढे उभी! खांबामागे काही हललं म्हणून तिने लाटणं हाणलं. ते म्हातारं कुत्रं होतं. कुत्रं वाचलं, लाटणं खांबाला लागून दोन तुकडे झालं.

मग सगळी गल्ली जमली. प्रकार कळल्यावर हसून हसून लोक रस्त्यावर बसले. त्यात जानकम्माने आईला सहज विचारलं, की तुम्हाला खाली कोणी आणलं? आईने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. ती मोडक्या लाटण्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. आत्या, मी भर रस्त्यात रडले. ती नाही रडली. तिने पदराने माझे डोळे पुसले, सगळं पीठ माझ्या तोंडाला लावलं, आणि जानकम्माला म्हणाली की पोळ्या अर्ध्या राहिल्यात, तुमचं लाटणं द्या. आणि तिच्याबरोबर समोरच्या घरात गेली. मी खांबाला धरून उभी राहिले आणि तिला रस्ता ओलांडताना पाहिलं.

बाकी मजकूर आईला स्वतः लिहायचा आहे. कळावे. आपला आशीर्वाद असाच मोठ्याने मिळत राहावा.

तुमची,
प्रार्थना

ता. क.
वन्सं, तुळसीचा नमस्कार. पोरीने तिखटमीठ लावून लिहिलंय. मी कुत्र्याला मारायला गेले नव्हते. लाटणं मोडलं हे मात्र खरं. जानकम्माचं किती दिवस वापरायचं? शुक्रवारी दहाच्या बसने मार्केटात येतेय, नवं घ्यायला. एकटी येतेय. थांब्यावर उभ्या राहू नका, गुडघा दुखेल. कॉफी तेवढी टाकून ठेवा. कळ्ळं?